सांगली ते ऑकलंड: अंतर किती ते कुणाला विचारताय त्यावर आहे

दिवाळी झाल्यावर आईला घेऊन धाकट्या भावाकडं न्यूझीलंडला जाऊन आलो. परत आल्यापासून गावभागात जो भेटतोय तो एकच विचारतोय, किती लांब आहे हो ते? आणि दरवेळी माझ्या तोंडून वेगळं उत्तर जातंय. किलोमीटर सांगितले की समोरच्याला काही वाटत नाही, विमानाचे तास सांगितले की "एवढंच?" म्हणतात, आणि घरातनं निघून घरात पोचेपर्यंतचे तास सांगितले की डोळे मोठे होतात. म्हणून एकदा दिवसवार लिहूनच काढतो.

निघायच्या आधी

तिकीट काढताना दोन रस्ते दिसत होते. एक सिंगापूरमार्गे, एक दोहामार्गे. दोहाचं तिकीट माणशी आठ हजारांनी स्वस्त, त्यामुळं माझा हात तिकडंच चालला होता, पण आमचे चिरंजीव (सातवीत आहेत) शाळेसाठी आणलेला पृथ्वीगोल घेऊन आले, देवघरातला गजऱ्याचा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर, दुसरं ऑकलंडवर, आणि मधे ताणून धरला. गोलावर ताणलेला दोरा म्हणजे दोन गावांतलं सगळ्यात जवळचं अंतर, हे त्याला शाळेत शिकवलंय म्हणे. आम्हाला तर कुणी दोरा दिला नव्हता, आम्ही भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवायचो आणि नकाशा सपाट असल्यानं ते चुकायचं.

तर तो दोरा नेमका सिंगापूरवरनं गेला! नंतर मोबाईलवर आकडे काढले. मुंबई ते ऑकलंड सरळ अंतर साधारण १२,३०० किलोमीटर. मुंबई ते सिंगापूर ३,९०० आणि सिंगापूर ते ऑकलंड ८,४००, बेरीज केली तर तेवढीच येते, सिंगापूरला उतरल्यामुळं पन्नास किलोमीटरचासुद्धा वळसा पडत नाही. आई शेंगा फोडत बसली होती, ती म्हणाली, "म्हणजे वाटेवरचंच गाव की, कराडसारखं."

दोहाला मात्र आधी उलटं पश्चिमेला २,३०० किलोमीटर जायचं आणि तिथनं ऑकलंड साडेचौदा हजार किलोमीटर, जगातल्या सगळ्यात लांब विमानसेवांपैकी एक आहे ती, एका बैठकीत सोळा-सतरा तास. साडेचार हजार किलोमीटर जास्तीचे. पुण्याला जायचं म्हणून आधी बेळगावला जाऊन यायचं तसलं. आईचे गुडघे डोळ्यासमोर आले आणि सिंगापूरचं तिकीट काढून टाकलं.

बॅगा भरण्यात चार दिवस गेले. भावाची यादी फक्त एक ओळीची, "भडंग आण". आईची यादी आपोआप वाढत गेली, हळद, बेदाणा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. हळद आणि बेदाणा दोन्हीला जीआय मानांकन (ही चीज त्याच गावची, असा सरकारी शिक्का) आहे आपल्या सांगलीच्या, बेदाण्याला २०१६ ला आणि हळदीला २०१८ ला, त्यामुळं ते न नेणं म्हणजे गावाशी गद्दारी असं काहीतरी आईचं म्हणणं. मी एवढंच बघितलं की सगळं पाकीटबंद पाहिजे. खाण्यापिण्याच्या बाबतीत न्यूझीलंड भलतं कडक आहे, शेतीवर जगणारा देश, बाहेरनं एक किडा आला तरी त्यांना परवडत नाही.

पहिला दिवस, दशमी

सकाळी बरोबर दहाला भाड्याची गाडी दारात. कोल्हापूरचं विमानतळ आपल्याला पन्नास किलोमीटरवर, पण तिथल्या विमानाची वेळ आमच्या पुढच्या विमानाशी जुळेना. सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीचं तर काय बोलायचं, तिथनं विमान उडणार उडणार ऐकत माझे केस पांढरे झाले. तेव्हा रस्त्यानंच.

आष्टा, पेठ नाका, मग हायवे. कराडला चहा. साताऱ्यात आईला भावासाठी कंदी पेढे घ्यायचेच होते, मी म्हणलं अगं दुधाचं तिथं नेता येत नाही, तर म्हणाली मग आपण खाऊया, आणि खंबाटकीचा बोगदा यायच्या आत निम्मा पुडा संपला. पुण्याच्या बाहेर नवले पुलापाशी गाड्यांची रांग, नेहमीची. एक्सप्रेसवेला जरा बरं गेलं आणि चेंबूर आलं तसं सगळं ठप्प, शेवटचे पंचवीस किलोमीटर दीड तास. ड्रायव्हर दादा शांतपणे म्हणाला, "साहेब, मुंबई आली की अंतर मिनिटात मोजायचं." पुढं चार दिवस मला हेच वाक्य आठवत राहिलं.

सांगली ते मुंबई विमानतळ ३८० किलोमीटर, नऊ तास. ताशी बेचाळीस.

संध्याकाळी सातला पोचलो, विमान रात्री ११.४० ला. काउंटरवर बॅग ३१.८ किलो भरली, परवानगी ३० ची. मग काय, रांगेच्या बाजूला बॅग उघडी, सगळ्यांसमोर आमचं फराळाचं दुकान, बेदाण्याच्या दोन पिशव्या काढून आईच्या पर्समधे कोंबल्या. व्हीलचेअर बुक केली होती तर आई तिच्यात बसायला तयार नाही, "मी काय पांगळी आहे का", आणि पाच मिनिटं चालल्यावर ते विमानतळ केवढं मोठं आहे ते कळलं तेव्हा मुकाट्यानं बसली. नंतर सिंगापूरला तिनंच आधी विचारलं, ती खुर्ची कुठाय रे.

विमान उडाल्यावर समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावला. अर्धा-पाऊण तास झाला असेल आणि बघतो तर विमान सोलापूरच्या आसपास! सिंगापूरची सरळ रेघ मुंबईतनं निघते ती सोलापूरवरनंच जाते. म्हणजे दिवसभर नऊ तास गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली ती कशासाठी, तर अर्ध्या तासात परत आपल्याच अंगाला, घरापासून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर यायला. आईला दाखवलं. ती म्हणाली, "खाली सोडतील का विचार, फ्रिजचं बटण बंद केलं का बघून येऊ."

दुसरा दिवस, एकादशी

मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास वेळापत्रकात, त्यात धावपट्टीवरची रांग वगैरे धरून. हवेत पाचेक तासच. बंगालचा उपसागर झोपेतच गेला. सूर्य उगवला तेव्हा खाली समुद्र आणि मधेमधे हिरवे ठिपके. सकाळी ७.४० ला उतरलो, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे सांगलीत पहाटेचे पाच दहा.

आज कार्तिकी एकादशी, आईचा उपास. विमानात नाश्ता आला तो तिनं माझ्याकडं सरकवला, मी दोन नाश्ते खाल्ले. तिच्याकडं राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याचे लाडू अशी भक्कम तयारी.

पुढचं विमान रात्री ८.१५ ला. साडेबारा तास! सिंगापूरमार्गेच्या तिकिटांतलं त्यातल्या त्यात स्वस्त घेतलं की हे असतं, मला माहीत होतं, पण साडेबारा तास म्हणजे काय ते तिथं बसल्यावरच कळतं. आमच्याकडं सिंगापूरचा व्हिसा नाही त्यामुळं बाहेर पडलो नाही. चांगी विमानतळातला तो प्रसिद्ध चाळीस मीटरचा धबधबा, २०१९ ला सुरू झालेला, छताखालचा जगातला सगळ्यात उंच, तो इमिग्रेशनच्या पलीकडं आहे. पण भावानं आधीच सांगून ठेवलं होतं की टर्मिनल दोन आणि तीनच्या मधे जी छोटी गाडी धावते ती त्या इमारतीतनंच जाते, फुकट आहे, फक्त बसायचं. आम्ही सात वेळा बसलो. गाडी आत शिरली की काचेच्या छतातनं गोल पाण्याची धार पडताना दिसते आणि चार सेकंदात संपतं. आईला पहिल्या फेरीत दिसलंच नाही कारण ती दुसऱ्या बाजूच्या बाईची साडी बघत होती.

मग फुलपाखरांची बाग झाली, पाय चेपायचं मशीन झालं, कार्पेटवर पाय पसरून दोन तास झोप झाली. चहा घेतला एक, सांगलीतल्या हिशोबानं त्यात आठवड्याचा चहा आला असता, तो हिशोब आईला सांगितला नाही.

दुपारी आईनं पर्समधनं पंचांगाची फोटोकॉपी काढली आणि मूळ प्रश्न टाकला. "उपास सोडायचा कधी?"

मी म्हणलं उद्या सकाळी. तर म्हणाली, कुठल्या सकाळी? आणि खरंच की. तिथी सूर्योदयावर धरतात, आणि आम्ही सूर्याकडं तोंड करून पळत होतो. ऑकलंडचं घड्याळ आपल्या पुढं साडेसात तास. एरवी साडेसहाच असतं, पण तिकडं सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं ढकलतात, उन्हाळ्यासाठी. म्हणजे ऑकलंडला सूर्य उगवतो तेव्हा सांगलीत आदल्या रात्रीचे पावणेअकरा झालेले असतात, बातम्या संपून लोक अंथरूण घालत असतात. मग तिथं द्वादशी कधी लागली म्हणायची? सांगलीच्या पंचांगानं का तिथल्या सूर्यानं? पंचांगवाले परदेशातल्या गावांचं वेगळं गणित मांडतात ते याचसाठी, आणि एखादा सण तिकडं एक दिवस मागंपुढं होतो तोही याचमुळं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "खिडकीतनं सूर्य दिसला की सोडणार."

तिसरा दिवस, द्वादशी (कुठंतरी)

सिंगापूर ते ऑकलंड ८,४०० किलोमीटर, वेळापत्रकात नऊ तास पस्तीस मिनिटं. जावाच्या बाजूनं खाली उतरत जातं, मग ऑस्ट्रेलिया लागतं, आणि ते लागतं म्हणजे लागतंच. वायव्येच्या कोपऱ्यातनं आत शिरायचं आणि पूर्वेच्या किनाऱ्याला बाहेर पडायचं, साडेतीन तासांच्या वर. मी झोपलो, उठलो, ऑस्ट्रेलिया. बाथरूमला जाऊन आलो, ऑस्ट्रेलिया. आई म्हणाली, "सोलापूर-पंढरपूरचं माळरान बरं की रे याच्यापुढं, निदान एखादा दिवा तरी दिसतो." खाली खरंच काळोख होता, तासन्‌तास एक दिवा नाही.

स्क्रीनवर आकडे येत होते, उंची ३९ हजार फूट, बाहेर उणे ५५, वेग ताशी ९०० च्या वर. आणि शेपटाकडनं वारं. हे वारं म्हणजे या सगळ्या हिशोबातली खरी मेख. त्या भागात वरच्या हवेत पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचं वारं वाहतं, जाताना ते पाठीत ढकलतं, येताना तोंडावर. तीन आठवड्यांनी मी एकटा परत आलो (आई तिथंच राहिली, भावाच्या बायकोला आठवा महिना) तर त्याच ८,४०० किलोमीटरला पावणेअकरा तास लागले. अंतर तेच, विमानाची जात तीच, जवळजवळ सव्वा तास नुसत्या वाऱ्याला दिला. सायकलवरनं आयर्विन पुलावर वाऱ्याविरुद्ध गेलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

आईनं झोप घेतलीच नाही. खिडकीची झाकणं सगळ्यांनी लावलेली, आईनं आमचं दोन बोटं वर ठेवलं होतं आणि त्या फटीला डोळा लावून बसली होती. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा आला तेव्हा ती फट आधी राखाडी झाली, मग अगदी पिकल्या पपईच्या रंगाची एक रेघ, विमानाच्या पंखाच्या टोकाला लागून. मला कोपरानं ढोसलं. मी घड्याळ बघितलं, सांगलीत रात्रीचे बारा वाजून गेले होते. बंगालच्या उपसागराच्या पलीकडं बघितलेला सूर्योदय आणि हा, मधे जेमतेम वीस तास गेले होते.

"म्हणजे एकादशी चार तासांनी कमी झाली?" आईनं विचारलं. हो. "मग पुण्य?" मी म्हणलं ते विमान कंपनीला विचारावं लागेल. तिनं सूर्याला हात जोडले, हवाई सुंदरीकडनं गरम पाणी मागून घेतलं आणि बेदाण्याच्या पिशवीतले चार दाणे तोंडात टाकून उपास सोडला. सुटलेला उपास आणि ३९ हजार फूट. मग दोनेक तास टास्मन समुद्र, नुसता निळा, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

१०.५० ला उतरलो. ऑकलंडचं विमानतळ शहराच्या दक्षिणेला, एका उथळ खाडीच्या काठावर, उतरताना वाटतं आता पाण्यातच टेकतंय.

इथं आमची खरी परीक्षा. न्यूझीलंडला जाताना एक डिक्लरेशन भरावं लागतं, मी ते मोबाईलवर आधीच भरलं होतं, त्यात खायचं काय काय आहे ते विचारतात, आणि मी प्रत्येक ठिकाणी "हो" केलं होतं. सगळ्यांना हाच सल्ला देईन. आणून सांगितलं तर फार तर काढून घेतात. न सांगता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड, तिथले डॉलर, आणि भडंगाची तेवढी किंमत मी तरी कधी ऐकलेली नाही. सामान येतं तिथं एक बुटकं कानपाडं कुत्रं बॅगा हुंगत फिरतं, बिगल जातीचं, ते आमच्या बॅगेपाशी बसलंच. मी म्हणलं बाबा तुझं बरोबर आहे.

तपासनीस बाई तरुण होती, हसरी. हळद बघितली, वास घेतला, ठीक. बेदाणा ठीक. भडंगाचं पाकीट दोन-तीन वेळा उलटसुलट केलं, मी सांगितलं पफ्ड राईस, गार्लिक, पीनट, फ्राईड. ठीक. मग तिनं सरळ आईकडं बघून विचारलं, अजून काही? बी, रोप, फूल? मी "नो" म्हणायला तोंड उघडलं आणि आई माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "थांब."

रुमालाची एक गाठ होती. आईनं ती तिथं काउंटरवर सोडायला घेतली, बोटं थरथरत होती, गाठ घट्ट बसलेली, शेवटी दातानं सोडवली. आत तुळशीच्या मंजिऱ्या. वाळलेल्या, काळपट तपकिरी, आमच्या मागच्या अंगणातल्या वृंदावनातल्या. भावाकडं तुळस नाही, तुळशीचं लग्न आलंय, म्हणून.

मला काही सुचेना. मी त्या बाईला मोडकंतोडकं सांगितलं, होली प्लांट, टुडे वेडिंग ऑफ द प्लांट. तिनं दोनदा विचारलं, वेडिंग? मग म्हणाली हे मला ठेवून घ्यावं लागेल, पण तुम्ही स्वतः दाखवलंत म्हणून दंड नाही. आई म्हणाली, "तिला सांग, केरात टाकू नको म्हणावं." मी सांगितलं. ती म्हणाली केरात नाही, आम्ही जाळतो किंवा वाफेनं मारून मग पुरतो. ते मी आईला भाषांतर करताना नुसतं "पुरतात" एवढंच सांगितलं. रुमाल झटकून, चारी कोपरे बघून, परत दिला.

दीड वाजता भावाच्या घरी, सँडरिंगहॅममधे, जिथं कोपऱ्यावर इडली मिळते आणि पलीकडं जिऱ्याचं पोतं. हिशोब केला. सांगलीतनं दहाला निघालो ते सांगलीच्या घड्याळानं तिसऱ्या दिवशी सकाळी सहा, म्हणजे ४४ तास. त्यातले विमानातले पंधरा. बाकीचे एकोणतीस तास गाडीत, रांगेत, खुर्चीत आणि धबधब्याच्या गाडीत.

चौथा दिवस, रात्री दोन

जेट लॅग म्हणजे काय ते आईला समजावायची गरज पडली नाही. पूर्वेला गेलं की जास्त जाणवतं, शरीराला तासाला एक दिवस लागतो जुळायला असा ढोबळ हिशोब सांगतात. आम्ही दुपारी साडेतीनला जे मेलो ते रात्री साडेबाराला टक्क जागे.

आणि ते बरंच झालं. कारण सांगलीत संध्याकाळी साडेसहाला तुळशीचं लग्न होतं, म्हणजे इथं रात्री दोन. घरी गेली चाळीस वर्षं मंगलाष्टका आईच म्हणते, तेव्हा यंदा व्हिडिओ कॉलवर. दुपारीच तिनं भावाच्या स्वयंपाकघरात खिडकीतली एक कुंडी बघून "अरे आहे की तुळस" म्हणून पान चुरगळलं होतं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही सब्जा आहे." सुपरमार्केटमधलं बेसिल ते, पास्त्यात घालायचं. सब्जाचंच झाड, तुळशीची चुलतबहीण. "हिचं कसलं लग्न लावता."

तर रात्री दोनला आई नऊवारी नेसून सोफ्यावर, भावाच्या बायकोनं तांदळाला आपलीच हळद लावून अक्षता केलेल्या, भाऊ हाफ चड्डीवर. फोन टीपॉयवर पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. पलीकडं आमचं अंगण, ऊस, चिंचा-आवळे, शेजारची पोरं, माझी बायको सारखी "आई, आवाज येतोय का" करतीय. आईनं सुरू केलं. पण आवाज पोचायला अर्धा-पाऊण सेकंद लागायचा, त्यामुळं इकडं "सावधान" म्हणून झालं की मग तिकडनं सगळ्यांचं "सावधान" यायचं, तोवर आई पुढच्या ओळीवर. दोन अष्टकांनंतर आईच थांबून थांबून म्हणायला लागली, विहिरीत ओरडून परत ऐकतात तसं.

शेवटी अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा सांगलीत तुळशीवर पडल्या आणि आईनं इकडं मोबाईलवर टाकल्या. एकदम स्क्रीनवरचं सगळं पिवळं. अक्षतेनं कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि फोन कटला.

परत लावला तर तिकडं फटाके चालू, कुणी उचलेना. मग भावानं परातीत भडंगाचं पाकीट फोडलं, कांदा चिरला, तेल घातलं, लिंबू पिळलं. रात्रीचे पावणेतीन. आई म्हणाली सांगलीत सव्वासात झाले, लाडू वाटत असतील आत्ता. भाऊ म्हणाला, मला सहाला उठायचंय, कामावर जायचंय सकाळी, आणि बशी पुढं करून म्हणाला अजून थोडं घाल, दाणे जास्त.